सहकक्षी लघुग्रहांच्या स्थैर्याचं गणित: या चुका टाळा

इंदूरमध्ये बीएससीची मुलं ट्रोजन लघुग्रहांवर (ग्रहाच्याच कक्षेत त्याच्या पुढे किंवा मागे साधारण ६० अंशांवर राहणाऱ्या सहकक्षी लघुग्रहांवर) प्रोजेक्ट घेतात आणि रीबाउंड या कक्षा-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा ओळी लिहून ‘कक्षा स्थिर आहे’ असा निकाल देऊन मोकळी होतात. घाई फार.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. लघुग्रहाचे कक्षाघटक डेटाबेसमधून हाताने उतरवलेले, त्यांचा इपॉक (ते ज्या तारखेचे आहेत ती तारीख) एक. ग्रह मात्र तारीख न देता नासाच्या हॉरायझन्स या स्थान-सेवेवरून मागवलेले, म्हणजे ते आजचे. गुरूच्या बाबतीत हे खपून जातं. गुरू दिवसाला जेमतेम ०.०८३ अंश सरकतो, म्हणून १२० दिवसांच्या फरकाने १० अंशच चुकतात आणि ५८८ अकिलीज हा लघुग्रह एल४भोवती (ग्रहाच्या ६० अंश पुढच्या संतुलनबिंदूभोवती) निवांत डोलत राहतो. त्या भरवशावर तोच कोड पृथ्वीच्या २०१० टीके७ या ट्रोजनला लावला जातो. पृथ्वी दिवसाला जवळपास एक अंश सरकते. तेवढ्याच दिवसांत ११८ अंशांचा घोळ! एका पठ्ठ्याच्या आलेखात अशाने चक्क घोड्याच्या नालेची कक्षा (ग्रहाच्या समोरच्या बाजूने, १८० अंशांभोवती डोलणारी) उमटली, आणि गाइडला दाखवायच्या आधीच शोधनिबंधाचं शीर्षक ठरलं होतं. सुरुवातीलाच लघुग्रहाच्या माध्य रेखांशातून (कक्षेतल्या सरासरी जागेच्या कोनातून) ग्रहाचा वजा करून छापा आणि त्याच तारखेच्या हॉरायझन्सच्या आकड्यांशी ताडून बघा. हे केल्याशिवाय इंटिग्रेशनला हात लावायचा नाही.

दुसरी खोड म्हणजे एकच कण सोडणं. टीके७ची कक्षा केऑटिक, म्हणजे सुरुवातीच्या बारीक फरकानेही पुढे पार बदलणारी आहे. सुरुवातीचे आकडे निरीक्षणाच्या त्रुटीइतके हलवले तरी काही हजार वर्षांत कण वेगवेगळ्या वाटांना लागतात. निदान ५० ते १०० क्लोन (किंचित वेगळ्या सुरुवातीच्या प्रती) घ्या, तेही कोव्हेरियन्स मॅट्रिक्समधून, म्हणजे त्रुटी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते सांगणाऱ्या तक्त्यातून. शेवटचा अंक मनाने वरखाली करून बनवलेले क्लोन कामाचे नाहीत, कारण कक्षाघटकांच्या त्रुटी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पृथ्वीचा दुसरा ट्रोजन २०२० एक्सएल५ निदान ४००० वर्षं एल४पाशी राहील, एवढंच जाणकार म्हणतात. तुमचा दहा लाख वर्षांचा एकुलता आलेख त्याहून जास्त काही सिद्ध करत नाही.

रीबाउंडमधला डब्ल्यूएचफास्ट हा इंटिग्रेटर वापरताना बुध ठेवलात तर वेळेची पायरी ४ दिवसांची, म्हणजे बुधाच्या ८८ दिवसांच्या फेरीचा साधारण विसावा भाग. गुरूच्या ट्रोजनसाठी चार मोठे ग्रह पुरतात; आतल्या ग्रहांचं वस्तुमान सूर्यात मिळवा, मग १०० दिवसांची पायरी चालते. पृथ्वीच्या सहकक्षीला मात्र शुक्र वगळू नका. कण ग्रहाच्या फार जवळ जात असेल तर मर्क्युरियस हा जवळच्या भेटी सांभाळणारा इंटिग्रेटर वापरा.

टीके७चं डोलणं सुमारे ४०० वर्षांचं. दर १००० वर्षांनी एक ओळ साठवलीत तर नुसते ठिपके मिळतील. दहा वर्षांनी एक साठवा.

लघुग्रह आणि ग्रह यांच्या रेखांशांतल्या फरकाच्या कोनाची साधी सरासरी काढू नका. ३५९ आणि १ची सरासरी १८० येते, आणि कामोओआलेवा या लघुग्रहासारखा शून्याभोवती डोलणारा आभासी उपग्रह (सूर्याभोवती फिरत ग्रहाच्या जवळपास राहणारा) नालेच्या खात्यात जमा होतो.

आणि सिम्युलेशन आर्काइव्ह, म्हणजे रन मधूनमधून जतन करणारी रीबाउंडची सोय, चालू ठेवा. नाहीतर मे महिन्यात वीज गेली की चार रात्रींची रन पहिल्यापासून करावी लागते.