चैत्रातलं माळवं: काय तगेल, काय सोडून द्यावं

पाडवा झाला की परसात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. दोडक्याचा वेल मांडवावर चढतो आणि टोमॅटोची फुलं गळतात. वेलाचं कौतुक करा, पण फुलगळीचं औषध शोधत दुकानात जाऊ नका.

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकडायला लागलं की टोमॅटोची फळधारणा बिघडते आणि फूल देठासकट वाळून पडतं. परभणी-नांदेडकडे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं कुठलं टॉनिक फूल धरून ठेवणार? मी दोन उन्हाळे बाटल्या आणून पाहिल्या, पैसे गेले. लागलेली फळं तेवढी काढून घ्या. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडत असेल तर त्याला रोग समजू नका, फळाला चुना (कॅल्शियम) कमी पडलाय. आपल्या काळ्या जमिनीत चुना बहुधा असतोच, पण पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही असं झालं की तो फळापर्यंत पोचत नाही. टँकर विकत घ्यावा लागत असेल तर टोमॅटोचा मोह सोडा. तेच पाणी भेंडी, गवार, चवळी आणि अंबाडीला द्या. ही मंडळी उन्हाला दबत नाहीत.

कोथिंबीर आणि शेपू आता तुऱ्यावर येणारच. वाफा मोडा.

भारी जमिनीला भेगा पडायच्या आधी आच्छादन झालं पाहिजे, कारण भेग पडली की बारीक मुळं तुटतात आणि ओलही त्याच वाटेनं उडते. सोयाबीनचा भुसा किंवा उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरा. खोडाला मात्र चिकटवू नका, आणि खाली वाळवी लागली का ते आठवड्याला उचलून बघा. वेलाच्या आळ्यात कोरा, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. जुना माठ वापरू नका, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. पाणी सकाळी लवकर द्या. दुपारी माना टाकलेली झाडं संध्याकाळी सावरत असतील तर त्यांना तहान लागलेली नाही, ऊन लागलंय. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा ताटवा किंवा जुनी साडी बांधा. सकाळचं ऊन अडवू नका.

वेलांना फुलं भरपूर पण फळ नाही, अशी तक्रार या दिवसांत घरोघर असते. आधी नर फुलं येतात, उन्हाळ्यात ती जास्तच येतात, तेव्हा धीर धरा. ज्या फुलामागं इवलंसं फळ असतं ते मादी. मधमाश्या दिसत नसतील तर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मादी फुलाला हलकेच घासा. काकडी-कारल्याला हे सकाळी करायचं. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना तेव्हाच. माझा दुधी मी कित्येक दिवस सकाळी सकाळी घासत होतो!

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग. तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो, म्हणून ते झाड उपटून टाका. वांग्याच्या पानावर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी आहे. आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. नाहीच हटला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून उन्हं उतरल्यावर फवारा.

अवकाळी पाऊस किंवा गारपीट झालीच तर फाटलेली पानं लगेच ओरबाडू नका. चार दिवसांत कोणता फुटवा जिवंत आहे ते कळतं, मगच छाटा.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाडाच्या विरळ सावलीत वांगी-मिरचीचं बी गादीवाफ्यावर टाकून ठेवा. मृगाचा पाऊस झाल्यावर जूनच्या शेवटाला लावायला रोप घरचंच मिळतं.