हैदराबादचं बिर्ला मंदिर : मोबाइल जमा करण्याआधी

नौबत पहाडावरच्या बिर्ला मंदिरात मोबाइल-कॅमेरा नेता येत नाही, आणि रांगेतून पुढे सरकताना बांधणीकडे बघायचं राहूनच जातं. त्यावर उपाय:

१. सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी पोचा. दुपारी मंदिर बंद असतं. शिवाय भर उन्हात पांढरा संगमरवर डोळे दिपवतो आणि कोरीव काम सपाट दिसतं. ऊन तिरपं झालं की खाचांमध्ये सावली पडते, मग नक्षी उठून दिसते.

२. फोटो पायथ्याशीच काढून घ्या, मग मोबाइल जमा करा. पावती मात्र जपा.

३. वर गेल्यावर आधी मान वर करा. प्रवेशाचं गोपूर द्राविडी आहे : मजल्यांवर मजले, माथ्यावर आडवं छत आणि त्यावर कलशांची रांग. व्यंकटेश्वराच्या गाभाऱ्यावरचं शिखर ओडिशाच्या पद्धतीचं. त्याच्या उभ्या रेषा वर जात आत वळतात आणि माथ्यावर खाचांचा चपटा गोल आमलक बसतो. हे दोन आकार एकाच आवारात शेजारी बघायला मिळणं दुर्मीळच. इथे पाच मिनिटं जास्त द्या. पद्मावती आणि आंडाळ या व्यंकटेश्वराच्या पत्नींची स्वतंत्र मंदिरंही बघा.

४. घंटा शोधू नका. ध्यानाला शांतता हवी म्हणून 1976 साली खुल्या झालेल्या या मंदिरात ती मुद्दाम बसवलेली नाही.

पावसाळ्यात ओला संगमरवर फार निसरडा होतो. उतरताना कठडा धरा, पायमोजे घालू नका.