गावातल्या पडक्या जिनचा इतिहास काढायचाय? जुन्या डिरेक्टऱ्या अशा बघा

आपल्या वऱ्हाडात कापसाच्या कोणत्याही गावी जा, एक तरी पडका जिन, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, असतोच. पत्रे गेलेले, आत बाभळी वाढलेल्या, अन् कोणाला विचारलं तर "इंग्रजाच्या काळातला हाय बाप्पा" एवढंच सांगतात. तो कधीचा अन् कोणाचा हे बरंचसं जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत, म्हणजे फर्मा अन् मालकांची नावं छापणाऱ्या पुस्तकांत, सापडू शकतं, फक्त शोधायची रीत पाहिजे.

सगळ्यात आधी थॅकर्स इंडियन डिरेक्टरी बघा. ही कलकत्त्याहून दरवर्षी निघायची आणि काही वर्षांचे अंक इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट आहेत. पण तिथं आजचं नाव टाकून सर्च केलं तर हाती काही लागत नाही, कारण स्पेलिंग इंग्रजांचं. यवतमाळचं येवतमाल, अचलपूरचं एलिचपूर, वाशीमचं बासिम, आणि अमरावतीची तर तीन-चार रूपं. शिवाय यवतमाळ जिल्ह्याचं नावच १९०५ पर्यंत वणी होतं, इंग्रजीत वून, त्यामुळं आधीच्या अंकात यवतमाळ नावाचा जिल्हा शोधून दमू नका. स्कॅनमधली अक्षरंही मशीनला नीट वाचता येत नाहीत, म्हणून सर्चवर न थांबता त्या प्रांताची पानं स्वतः चाळा, वेळ लागतो पण मला यापेक्षा खात्रीचा उपाय दिसत नाही.

नोंद सापडली की तेवढ्यावर थांबू नका, हे मी मनापासून सांगतो. चार-पाच वर्षांच्या अंतरानं अंक घ्या आणि वहीत रकाने आखा: साल, जिनचं नाव, मालक, एजंट. एका सालात मालक एक आणि पुढच्या अंकात दुसराच दिसला तर मधे विक्री झाली असेल, किंवा वारस आला असेल. नाव गायब झालं म्हणजे जिन बंद पडला असं मात्र लगेच धरू नका, कधीकधी माहितीच कोणी पाठवलेली नसते. आणि यात मोठ्या फर्मा असतात, बाजारातला छोटा अडत्या किंवा सरकी विकणारा बहुतेक सापडत नाही, त्याच्यासाठी घरातल्या जुन्या वह्याच बघाव्या लागतात.

मग पडताळणी. जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, काढा, यवतमाळचं १९०८ चं, अकोल्याचं १९१० चं, अमरावतीचं १९११ चं. त्यानंतर तलाठ्याकडं किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या जागेचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागा, सर्व्हे नंबर आधी लिहून न्या म्हणजे चकरा वाचतात.

शेवटी जिनवर जा. बॉयलर शिल्लक असेल तर त्यावरच्या पट्टीचा फोटो घ्या, बनवणाऱ्याचं नाव अन् कधीकधी साल कोरलेलं असतं. मग डिरेक्टरीतलं पान मोबाईलवर काढून गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या हमालाला किंवा त्याच्या पोराला मालकाचं नाव वाचून दाखवा, अन् भोंगा किती वाजता व्हायचा तेही विचारा.