पावसाळी उधाण किनाऱ्यावरून कसे पाहावे

खवळलेला समुद्र पाहण्याची तयारी पंचांगापासून सुरू करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की कोकण किनाऱ्यावरील भरतीची साधारण वेळ निघते. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या तासभर आधी पोहोचावे.

मुंबईत साडेचार मीटर भरतीची बातमी आली की लाटाच तेवढ्या उंच असतील, असा अनेकांचा समज होतो. तो आकडा भरतीच्या पातळीचा असतो आणि वाऱ्याने उठलेल्या लाटा त्या पातळीच्याही वर चढतात, त्यामुळे हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा वेगळा पाहावा लागतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याची खूण, लागला असेल, तर वाऱ्याचा जोर गृहीतच धरावा.

चक्रीवादळ मात्र किनाऱ्यावर उभे राहून पाहू नये. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा झाडे आणि छपरांचे पत्रे उडाले. शिवाय वादळाचा डोळा माथ्यावर आला की वारा पडतो आणि थोड्याच वेळात उलट दिशेने सुटतो.

जागा उंचावरची निवडावी. रत्नागिरीच्या रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे. तेथे तटाच्या आत राहूनही डोळे भरून पाहता येते. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर भरतीत जाऊच नये. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणे आणि टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांवर, उतरणेही टाळावे, कारण तेथे शेवाळावरून पाय सटकतो.

जवळ जाण्यापूर्वी किमान वीस मिनिटे दुरूनच पाहावे. मोठ्या लाटा गटाने येतात आणि मधली शांतता फसवी असते. पावसात सारा कातळ ओलाच दिसतो, म्हणून वाटेवर ताजी वाळू, गोटे पडले आहेत का ते पाहावे; पडले असतील तर पाणी तेथवर येऊन गेले आहे. उभ्या कड्यावर आपटून परतणारी लाट पुढच्या लाटेला भिडते, तेव्हा पाण्याचा खांब सरळ वर उसळतो आणि त्याचा दणका पायाखालच्या दगडात जाणवतो. हे दृश्य भरतीच्या ऐन माथ्यावर सर्वांत चांगले दिसते.

छत्रीऐवजी रेनकोट घ्यावा. कोणी पाण्यात ओढले गेलेच, तर मागोमाग उडी न घेता ११२ वर फोन करावा, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि मदत येईपर्यंत त्या व्यक्तीवरची नजर हलवू नये.