सायन्स स्पर्धांच्या नादात या चुका टाळा (मॉडेल राहू दे, आधी वही काढा)

आमच्या बिल्डिंगमधली नववीतली एक मुलगी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रोजेक्टची वही दाखवायला आली. विषय मेथी आणि तांदळाचं धुवण. तीस दिवसांची उंची सेंटीमीटरमध्ये, सगळी एकाच निळ्या पेनने, एकही खाडाखोड नाही. मी विचारलं, रविवारी कोण मोजायचं गं? तर म्हणे काका रविवारी आम्ही आत्याकडे असतो. आणि वहीत चारही रविवारांची रीडिंग्ज होती!

मुलाखत घेणारे लोक हे दोन मिनिटांत पकडतात, आणि मग खरे आकडेसुद्धा खोटे वाटायला लागतात. 'मोजलं नाही' असं लिहिलेलं चालतं हो, कोणी फाशी देत नाही. चिठ्ठ्यांवर, कॅलेंडरच्या मागे जे काही लिहिलं असेल ते तसंच वहीत चिकटवा. आईने सुवाच्य अक्षरात फेअर करून देणं हा सगळ्यात मोठा घोळ.

पुढचा घोळ मला नंतर कळला. धुवण घातलेला कप खिडकीत आणि साध्या पाण्याचा ओट्यावर मिक्सरशेजारी, मग मेथी धुवणाने वाढली की उन्हाने हे सांगणार कोण? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी ऊन, माती, पाणी, कप सगळं सेम. आणि पाच बियांवर निष्कर्ष काढू नका, दोन उगवल्या नाहीत की संपलं सगळं, निदान तीसेक तरी टाका, मेथी काय महाग नाही. आम्ही परत केलं तर फरक जवळजवळ पडलाच नाही आणि तिचा चेहरा पडला. अगं, फरक पडला नाही हेसुद्धा उत्तरच आहे, तेच लिही.

आयरिस या देशपातळीवरच्या विज्ञान स्पर्धेतून पुढे आयसेफ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जायची स्वप्नं असतील तर नियम आधी वाचा, प्रयोग झाल्यावर नाही. मोबाईलवरचे किंवा बसच्या दांड्यावरचे बॅक्टेरिया घरी डिशमध्ये वाढवायचे हा प्रोजेक्ट दरवर्षी कोणीतरी करतंच, पण आयसेफला ते घरी वाढवणं चालत नाही, सँपल घरून घ्या आणि लगेच योग्य लॅबमध्ये न्या. (विरजणातल्या लॅक्टोबॅसिलसला आणि बेकरीच्या यीस्टला सूट आहे, म्हणजे दह्यावर काम करायला वाव आहे; पण लॅक्टोबॅसिलस डिशमध्ये वाढवायला घेतला तर ती सूट धरू नका.) शेजारच्या आजी-आजोबांचं बीपी मोजायचं किंवा वर्गात सर्व्हे घ्यायचा तरी कमिटीची मंजुरी सुरू करायच्या आधी लागते. नंतर सह्या गोळा करून काही होत नाही, तारखा बघतात ते.

ऑलिंपियाडचं वेगळंच. शाळेत फॉर्म वाटून मेडल देणाऱ्या खाजगी परीक्षा वेगळ्या आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला नेणारा रस्ता वेगळा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, ॲस्ट्रॉनॉमीसाठी आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनएसई ही पहिल्या टप्प्याची परीक्षा नोव्हेंबरात असते, दहावीपर्यंतच्या मुलांना ज्युनियर सायन्स, आणि पुढचे टप्पे मानखुर्दचं होमी भाभा सेंटर बघतं. रजिस्ट्रेशन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि लोक जागे होतात दिवाळीत.

उन्हाळ्यातल्या प्रोग्रॅमचीही तीच बोंब. इस्रोचं युविका हे शाळकरी मुलांचं शिबिर 1 जानेवारीला नववीत असलेल्यांसाठी, दोन आठवडे, खर्च इस्रोचा, अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. दहावीचं वर्ष सुरू झाल्यावर चौकशी करून काय उपयोग? आणि त्यात आठवीचे मार्क, विज्ञान प्रदर्शनाची सर्टिफिकेटं वगैरे धरतात, तेव्हा ती आत्ताच स्कॅन करून ठेवा, शेवटच्या रात्री कपाट उपसत बसू नका.

अमेरिकेतले नातेवाईक विचारतात की लाखभर रुपये फी घेणारा 'रिसर्च' समर प्रोग्रॅम घ्यावा का. अमेरिकेतल्या एमआयटीत होणारा आरएसआय हा उन्हाळी रिसर्च प्रोग्रॅम फी घेत नाही, राहणं-जेवण पण त्यांचंच, फक्त जायचं-यायचं आपलं, पण निवड भयंकर कठीण. पैसे भरून मिळणारा प्रोग्रॅम वाईटच असतो असं नाही, पण आधी एवढं विचारा की पोराला स्वतःचा प्रश्न घेऊन काम करायला मिळणार का, की ठरलेला प्रोजेक्ट आणि शेवटी छापील सर्टिफिकेट.

राहिलं इन्स्पायर-मानक, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांना पैसे देणारी केंद्र सरकारची योजना. त्यात नाव शाळेकडून जातं, म्हणून सायन्सच्या सरांच्या मागे लागा. निवड झाली तर 10,000 रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात, तेव्हा पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकदा शेजारी ठेवून बघा, स्पेलिंगसकट.