मोटारसायकलचे मागचे चाक सरळ रेषेत आहे का, हे घरी कसे तपासावे

पंक्चर काढून आणल्यावर किंवा चेन ताणून घेतल्यावर गाडी एका अंगाला ओढू लागली, तर आधी मागच्या एक्सलकडे, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरते त्याकडे, पाहावे. चेन ताणताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर, म्हणजे एक्सल मागेपुढे करणारे स्क्रू, सारखे फिरले नाहीत, तर एक्सलचे एक टोक दुसऱ्यापेक्षा मागे राहते आणि चाक तिरके बसते. डावे टोक मागे राहिले तर चाकाचे तोंड डावीकडे होते आणि गाडी सरळ जात असतानाही हँडल किंचित डावीकडेच धरावे लागते. उजवे टोक मागे असेल तर हेच उलट घडते.

चेनची खरखर वाढणे, मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या) दातांची एकच बाजू घासून चकचकीत होणे आणि टायर एका अंगाने जास्त झिजणे ही आणखी लक्षणे आहेत. मात्र केवळ गाडी ओढते एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर डाव्या कडेने जाणारी निर्दोष गाडीसुद्धा थोडी डावीकडे झुकते. चालत्या गाडीवर हँडल सोडून परीक्षा पाहण्याचा प्रकार तर मुळीच करू नये. सोसायटीच्या पार्किंगमधल्या सपाट फरशीवर जे कळते, ते रस्त्यावर कळत नाही.

गाडी मेन स्टँडवर घ्यावी, न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि पान्ना हातात घेण्याआधी इतर दोष बाजूला काढावेत. दोन्ही टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याइतकी असावी. मागचे चाक वर आणि खाली धरून हलवल्यास खटखट जाणवली, तर बेअरिंग संपत आले आहे. चिमट्याचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे, मागचे टोक धरून आडवे हलवावे; ते डुलत असेल तर त्याच्या सांध्यातले बुश (आतल्या नळ्या) झिजले आहेत. दिंडोरी-पिंपळगावकडे मोटारसायकलवर द्राक्षांचे क्रेट किंवा दुधाचे कॅन बांधून खड्ड्यांतून ये-जा होते, त्या गाड्यांचे बुश तर आवर्जून पाहावेत. चाक हाताने फिरवून रिम आऊट, म्हणजे वाकडी होऊन डुलत, नाही ना, हेही पाहून घ्यावे. यांपैकी काही सैल किंवा वाकडे असेल तर पुढची सगळी मापे फसवी ठरतील, म्हणून आधी ते दुरुस्त करावे.

आता एक्सल मोजायचा. चिमट्यावर ॲडजस्टरजवळ रेघा कोरलेल्या असतात आणि बहुतेक जण दोन्हीकडच्या रेघा जुळल्या की काम झाले असे मानतात. माझा त्या रेघांवर फारसा विश्वास नाही; त्या दोन्ही बाजूंना अगदी बरोबर कोरलेल्या असतीलच असे नाही. त्यापेक्षा चिमटा ज्या बोल्टवर फिरतो, त्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्हीकडे घ्यावे. फूटरेस्ट आणि सायलेन्सर आड येत असल्याने टेप नीट बसत नाही. छत्रीची जुनी काडी घ्यावी, तिचे एक टोक काटकोनात वाकवावे आणि तिच्यावर रबराचा छोटा तुकडा ओवावा. वाकवलेले टोक बोल्टच्या मध्यावर टेकवून रबर एक्सलच्या मध्यापर्यंत सरकवावे आणि काडी तशीच दुसऱ्या बाजूला लावून पाहावी. रबर मध्यावर आले नाही, तर जेवढे चुकले तेवढे चाक तिरके आहे.

मिलिमीटरभर फरकाने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. चिमट्याची रुंदी २०० मि.मी. आणि दोन्ही चाकांमधले अंतर १३०० मि.मी. धरले, तर एक्सलच्या एका टोकाचा १ मि.मी. फरक पुढच्या चाकापाशी पोहोचेपर्यंत सुमारे साडेसहा मि.मी. होतो.

याच वाढत्या फरकाचा उपयोग दोरीच्या परीक्षेत होतो. पातळ, न ताणणारी दोरी मागच्या टायरच्या पाठीमागून वळवून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे आणावी. ती स्टँडला किंवा इतर कशालाही न अडता जमेल तितक्या उंचीवर, पण जमिनीला समांतर असावी. दोन्ही टोके दोन विटांना बांधून विटा अशा सरकवाव्यात की दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम स्पर्श करील. दाबली गेली तर माप चुकते. मग हँडल सरळ करून पुढच्या रिमपासून दोरीचे अंतर दोन्हीकडे मोजावे. पुढचा टायर सहसा अरुंद असल्याने फट राहणारच, पण ती दोन्हीकडे सारखी हवी. डावीकडे जास्त असेल तर मागच्या चाकाचे तोंड डावीकडे आहे.

कधी कधी काडीचे माप दोन्हीकडे जुळते आणि दोरी मात्र फरक दाखवते. अशा वेळी चाक तिरके नसून आडवे सरकलेले असते, आणि पंक्चर काढताना हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दोन बाजूंचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या कड्या, अदलाबदल होणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. काही मॉडेलमध्ये चाक मुळातच मध्यापासून थोडे बाजूला बसवलेले असते, म्हणून स्पेसर हलवण्याआधी गाडीचे मॅन्युअल पाहावे.

दोष फक्त तिरकेपणाचा असेल तर एक्सलचा नट सैल करून, चेनचा ढिलेपणा ज्या बाजूने योग्य राहील त्या बाजूचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवावा आणि प्रत्येक वेळी काडी लावून पाहावी. नट आवळताना चाक पुन्हा सरकते. ते टाळण्यासाठी मागच्या स्प्रॉकेट आणि चेनमध्ये फडक्याची घडी अडकवून चाक हाताने किंचित मागे फिरवावे, म्हणजे एक्सल ॲडजस्टरला घट्ट टेकून राहतो. इंजिन बंद हवे आणि बोटे चेनपासून दूर हवीत. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोराने, आवळावा. ड्रम ब्रेक असल्यास रॉडचे सेटिंग बदललेले असते, म्हणून पेडल दाबून ते पुन्हा जुळवून घ्यावे.

एवढे करूनही दोरी फरक दाखवत राहिली, तर मेन स्टँडवरच्या गाडीच्या मागे ओळंबा सोडून चाक उभ्या रेषेत आहे का ते पाहावे. पुढचे चाक सरळ उभे आणि मागचे कललेले दिसल्यास चिमटा पिळला आहे. ॲडजस्टर फिरवून तो दोष जात नाही. अशी गाडी चासी (गाडीचा सांगाडा) तपासण्याची सोय असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावी आणि सोबत दोन्ही बाजूंची सगळी मापे कागदावर लिहून द्यावीत, कारण ‘गाडी ओढते’ एवढेच सांगितले तर पुन्हा चेनच ताणून मिळण्याची शक्यता जास्त असते.