जुन्या पिकअपचं इंजिन ऑइल बदलताना या चुका टाळा

ओतूरला भाजी भरून रात्री माळशेज घाट उतरणारी आणि पहाटे कल्याणच्या मार्केटात खाली होणारी एखादी पिकअप घ्या. डिझेल इंजिन, वय दहा-पंधरा वर्षं, किलोमीटरचं मीटर कधीच बंद पडलेलं. अशा गाडीचं इंजिन किती टिकेल हे ऑइलच्या कंपनीवर कमी आणि ते कधी, कसं बदललं जातं यावर जास्त ठरतं. महागडं ऑइल दोन वर्षं चालवण्यापेक्षा योग्य ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर बदललेलं कधीही चांगलं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नुसतं वरून ऑइल टाकत राहणं. "कमी झालं की लिटरभर टाकतो, मग बदलायचं कशाला?" असं अनेक गाडीवाले म्हणतात. टाकल्यानं पातळी भरते, पण काजळी, पाण्याचा अंश आणि तयार झालेलं ॲसिड चेंबरमध्येच (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागात) राहतं, फिल्टरही तोच तुंबलेला. मीटर चालत नसेल तर ऑइल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. मीटर चालू असलं तरी नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. बाजार समितीच्या रांगेत तासन्‌तास इंजिन सुरू राहतं तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र खराब होत असतं. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरा. रंगावरून अंदाज मात्र बांधू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

दुसरी चूक जास्त घातक आहे. जुनं ऑइल काढून चेंबरमध्ये डिझेल ओतायचं, पाच मिनिटं इंजिन चालवायचं आणि "आतून धुऊन" घ्यायचं, ही पद्धत अजूनही चालते. डिझेलला ऑइलसारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे ती पाच मिनिटं क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगना पुरेसं वंगण मिळत नाही. शिवाय वर्षानुवर्षं साचलेल्या गाळाचे पापुद्रे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. जाळी तुंबली की प्रेशर पडतं, आणि धुण्यासाठी केलेला खटाटोप इंजिन खोलण्यावर येऊन थांबतो. थोडं डिझेल आत उरतंच, ते नव्या ऑइललाही पातळ करतं. आत गाळ असेल तर चांगलं डिझेल-इंजिन ऑइल घाला आणि पुढचे दोन बदल ऑइल-फिल्टरसह नेहमीच्या निम्म्या अंतरावर करा. गाळ हळूहळू सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकून बाहेर पडतो.

ग्रेडबद्दल थोडक्यात. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं त्याचा. एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था) या खुणेच्या पुढचं अक्षरही बघा: एस म्हणजे पेट्रोल, सी म्हणजे डिझेल. सीएच-४, सीआय-४ अशा खुणा डिझेलच्या. गाडी धूर सोडते म्हणून पुस्तकात नसलेलं जाड ऑइल घालणं म्हणजे दुखणं झाकणं. धूर थोडा कमी दिसेल, पण सकाळी पहिल्या स्टार्टला ते वरच्या टॅपेटपर्यंत (झडपा उघडणाऱ्या भागांपर्यंत) उशिरा पोचेल, आणि तेवढ्यात झीज होते.

आता प्रत्यक्ष काम. घाट चढून आलेल्या गाडीचा ऑइल काढायचा, चेंबरच्या तळाचा नट लगेच खोलू नका. उकळतं ऑइल हातावर येतं. थंडगार इंजिनातूनही काढू नका, गाळ खालीच बसून राहतो. आठ-दहा मिनिटं चालवलेलं कोमट इंजिन बरोबर. पिकअप मुळातच उंच असते, बहुतेक वेळा जॅकची गरज पडत नाही. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि पोतं टाकून खाली सरका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. उचलायचीच असेल तर स्टँड लावल्याशिवाय नाही.

चेंबरचा नट हा जुन्या गाडीचा नाजूक भाग. अनेकांनी अनेकदा लांब पाइप लावून आवळलेला असतो. रिंग पाना किंवा गोटी पानाच वापरा. चालू पान्यानं कोपरे झिजतात आणि पुढच्या वेळी नट निघत नाही. आटे स्वच्छ पुसा, वायसर नवा टाका आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर नट तिरका लागतोय. तिथे जोर लावला की आटे गेलेच. गेलेल्या आट्यांवर टेप गुंडाळणं किंवा एम-सील थापणं टाळा. खड्ड्यात एक दणका बसला की सगळं ऑइल रस्त्यावर. टर्नरकडून आटे नीट करून घ्या.

फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर स्टार्ट करताच पिचकारी उडते. नव्या रिंगला ऑइल लावा, रिंग टेकली की हातानंच साधारण पाऊण फेरा. पान्यानं आवळू नका.

सांगितलेलं सगळं ऑइल एकदम ओतू नका. अर्धा लिटर मागे ठेवा, इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर ताबडतोब बंद करा. पाच-दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर काडी (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा आणि मगच उरलेलं घाला. "थोडं जास्त असलेलं बरं" हे चूक आहे. जास्तीच्या ऑइलला क्रँक घुसळतो, फेस होतो, सील गळायला लागतात. डिझेल इंजिनात तर हे ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेनं आत ओढलं गेलं तर चावी बंद करूनही इंजिन सुसाट पळत राहू शकतं.

बदलल्यानंतर काही बिघडलेलं वाटलं तर आधी काडी बघा. पातळी आपोआप वाढतेय आणि डिझेलचा वास येतोय? इंजेक्टर किंवा डिझेल पंपाकडून गळती आत उतरतेय. ऑइल दुधाळ झालंय आणि रेडिएटरचं पाणीही घटतंय? हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) तपासून घ्या, तोवर गाडी चालवू नका. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात पांढरट थर दिसला तर घाबरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानं तसं होतं. काढलेल्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवून लोखंडी कीस येतो का बघा, आणि ऑइल उन्हात धरून तांबूस चमकणारे कण आहेत का पाहा. तांबूस कण असले तर बेअरिंग गेलं असण्याची शक्यता आहे. चेंबर ओला दिसला तर लगेच नटाला दोष देऊ नका. टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑइलही ओघळत खाली येतं. सगळं पुसून रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी ओघळ वर कुठून सुरू होतो ते शोधा.

काढलेलं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजवर पोचवा. त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नका, नाहीतर ते घेत नाहीत. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्यानं भोक पाडा. असेच डबे पुन्हा भरून बनावट ऑइल विकलं जातं.